अमावास्येला विकलेली हलकी गाडी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गाड्या पुसल्या. रोजचंच काम. अहमदपूरच्या बाहेर, नांदेडच्या रस्त्याला आमचं जुन्या मोटरसायकलींचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड आणि पुढं मुरूम टाकलेली मोकळी जागा. सकाळी मी शेडातून एकेक गाडी ढकलत बाहेर आणायची, रांगेला लावायची, आणि तिनं मागून ओलं फडकं मारत यायचं. फडकं म्हणजे तिचीच जुनी सुती साडी. गाडीच्या टाकीला सुती साडीसारखं दुसरं काही चालत नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते खरं होतं.

त्या दिवशी बाकीच्या गाड्यांवर तिनं नुसतं फडकं फिरवलं आणि एकाच गाडीपुढं पाट टाकून बसली. अडीचशे सीसीची ती स्पोर्ट गाडी. अंगानं हलकी, पुढून कवच असलेली, हँडल खाली वाकलेलं, मागची सीट उंच अन् तळहाताएवढी. मी म्हणालो, तिला कशाला घासत बसलीस, तिला कोण विचारतंय. ती वर न बघता म्हणाली, "तुमाला तरी कोण इचारत होतं? मीच घेतलं ना पदरात."

ही गाडी घेतली होती तिनंच, आदल्या दिवाळीच्या सुमाराला. मी त्या दिवशी देगलूरला गेलो होतो. उदगीरकडचा एक पोरगा ही गाडी घेऊन आला आणि बदल्यात स्कूटर मागू लागला. बायको बाळंत होऊन माहेरी होती, तिला तान्ह्या लेकरासकट घरी आणायचं होतं, आणि ह्या गाडीवर साडी नेसलेली बाई काही बसू शकत नाही. हिनं स्कूटर दिली, गाडी ठेवून घेतली. मी आल्यावर कपाळाला हात लावला. म्हणालो, अगं, लग्न झाल्यावर ज्यानं त्यानं सोडायची ही गाडी. ती म्हणाली, मग लग्न न झालेला घेईल, त्यात काय एवढं.

तर त्या सकाळी ती पुसत बसली असताना माझा साडू आला. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रस्त्याच्या पलीकडं त्याचं दुकान, आमच्यापेक्षा मोठं, आणि त्यात सगळ्या भारी, जड गाड्या. धंदा एक, सासुरवाडी एक, त्यामुळं आमचं कधी जमलं नाही अन् कधी तुटलंही नाही. तो म्हणाला की लातूरचा एक माणूस आहे, गाड्या खोलून सुटे भाग विकतो, ह्या गाडीचं इंजिन तो घेईल. उभी राहून गंजण्यापेक्षा मोकळं करा.

ही उठली. हात पदराला पुसले आणि साडूला तोंडावर म्हणाली, "भाऊजी, हिचं इंजिन काढू देणार न्हाई मी. ही अख्खी जाईल, अन् चालवणाऱ्याच्याच घरी जाईल. मी घेतली, मीच इकून दाखवते."

साडू हसला. म्हणाला, अक्का, ते दिवस गेले, हलकी गाडी आता कोण घेत नाही.

तेव्हा तिनं माझा हात धरून पदराखाली घेतला. हे आमचं जुनं होतं. मी आधी बैलांचा हेडी होतो, म्हणजे जनावरांचा दलाल. चौथीत शाळा सोडली ती जत्रेजत्रेनं बैल हिंडवायलाच. त्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा अन् देणारा रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबून भाव सांगतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. लग्नानंतर ही भाषा मी तिला घरात बसून शिकवली होती. पुढं बैल कमी झाले, मोटरसायकली वाढल्या, मी धंदा बदलला, पण बोटं तीच राहिली. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ही मला पदराखालून सांगायची, इथं थांबा, अजून खाली उतरू नका. त्या सकाळी तिनं त्या गाडीचा भाव माझ्या बोटांवर दाबला. ह्याच्या खाली नाही. मला तो जास्त वाटला. मी एक बोट कमी करून बघितलं, तर तिनं चिमटा काढला.

दुपारी जेवून ती शेडात आडवी झाली ती उठली नाही. छातीत दुखतंय एवढं म्हणाली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं झालं होतं. ह्याच्यापुढं त्या दिवसाचं मी लिहिणार नाही.

तेरावा झाल्यावर मी दुकान उघडलं. माणसं भेटायला यायची, बसायची, म्हणायची की देवाची मर्जी. मला राग यायचा. मी म्हणायचो, चहा घ्या अन् जा, मला गाड्या पुसायच्यात. मला रडत बसता येत नाही. तसं शिकलोच नाही मी.

त्या गाडीचं मात्र मी मनावर घेतलं. हिचा शब्द साडूकडून तिच्या बहिणीपर्यंत, नंतर सगळ्या रस्त्यापर्यंत गेलेला होता. साडूच्या दुकानातला येणाराजाणारा विचारायचा, काय, अक्काची गाडी गेली का? अजून नाही म्हटलं की हसायचा. मेलेल्या माणसाला परत बोलता येत नाही. तिची गाडी इंजिन काढून, भंगार होऊन गेली असती तर तिचं शेवटचं बोलणं खोटं ठरलं असतं, अन् ते मला सोसणारं नव्हतं. बाकी दुकान बुडालं असतं तरी चाललं असतं.

म्हणून मी ती रांगेत सगळ्यात पुढं लावली. रस्त्यावरून दिसेल अशी.

गिऱ्हाईक यायचं, नाही असं नाही. कॉलेजची पोरं तर रोज. वर बसायची, फोटो काढायची, एक जण खाली वाकून वळण घेतल्यासारखं करायचा अन् दुसरा त्याचा व्हिडिओ काढायचा. मग उतरून विचारायची, आजोबा, जड गाडी आहे का एखादी? जिचा आवाज वेशीपर्यंत जाईल अशी? शेतकरी माणूस आला की गाडीला पूर्ण फेरी मारायचा आणि विचारायचा, दुधाची कॅन कुठं अडकवायची? बियाणाची पिशवी कुठं ठेवायची? एकजण मुखेडहून बायकोला घेऊन आला. त्या बाईनं मागच्या सीटकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मला माहेरी पाठवायचा इचार हाय का तुमचा?" तो माणूस शंभर सीसीची साधी गाडी घेऊन गेला.

आमच्या भागात गाडी दोन कामाला लागते. एक कष्टाला, एक मिरवायला. कष्टाची गाडी हलकी अन् कमी पेट्रोल पिणारी. मिरवायची गाडी जड, रुंद, वरातीत पुढं दिसणारी. ही तिसरीच. ना तिच्यावर पोतं बसतं, ना ती वरातीत उठून दिसते. नवीन शोरूममध्ये पण तीच गत, असं साडू सांगायचा. कंपन्या दर साली गाड्या जड करत चालल्यात, कारण लोकांना जड पाहिजे. पोरांना किमतीएवढं वजन बुडाखाली लागतं, असं तो म्हणायचा. त्याचं बोलणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या गाड्या विकत होत्या, माझी उभी होती.

पावसाळा गेला. सोयाबीन निघून मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात आलं. शेतकऱ्याच्या हातात पैसा असायचे दिवस, गाड्या विकायचे दिवस. माझ्या साध्या गाड्या गेल्या. ही राहिली. एका सकाळी साडू त्या लातूरच्या माणसाला फोन लावूनच आला. म्हणाला, तो अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येतोय, आता हो म्हणा. मी त्या रात्री झोपलो नव्हतो. अंगात जोर नव्हता. मी हो म्हणून बसलो.

तो गेला अन् मी फडकं घेऊन गाडीपुढं बसलो. तोंडातून शब्द गेला होता. आता टेम्पो येणार, गाडी खोलणार. पुसता पुसता माझ्या मनात बैलच आले, कारण दुसरं काही माझ्या मनात येत नाही.

बैल तीन जातीचे असतात, कामाच्या हिशोबानं म्हणतो मी. एक नांगराचा. त्याचे पाय, खांदा बघतात. एक पोळ्यात मिरवायचा. त्याची शिंगं, वशिंड, कांती बघतात. हे दोन्ही बाजारात दावणीला उभे राहून विकतात. तिसरा शर्यतीचा. तो बारीक असतो. दावणीला उभा केला तर कोणी ढुंकून बघत नाही, म्हणतात, ह्याला खायला घालत नाही का? शर्यतीचा बैल मी आयुष्यात एकदाही दावणीवरून विकला नाही. तो सोडून दाखवावा लागतो. घेणारा बांधावर उभा राहतो, बैल समोरून पळून जातो, अन् सौदा तिथंच होतो.

अन् मी काय केलं होतं? शर्यतीचा बैल नांगराच्या बैलांच्या रांगेत बांधून ठेवला होता. वर कोणी चालवायला मागितली तर नाही म्हणायचो. पाडाल, ओरखडा येईल, घ्यायची असेल तर चालवा म्हणायचो. पन्नास वरसं सौदे केलेल्या माणसानं ही चूक करावी.

अमावास्येला आमचा मोंढा बंद असतो. हमाल सुट्टीवर, आडत बंद, आत सिमेंटचं एवढं मोठं आवार मोकळं पडलेलं. मी बाजारसमितीत जाऊन विचारलं, एक दुपार मला आवार वापरू देता का? ते म्हणाले, पोती तेवढी नीट ठेवा. मग मी चहाच्या हॉटेलात, पंक्चरच्या दुकानात, कॉलेजच्या फाटकापाशी सगळ्यांना सांगितलं, अमावास्येला मोंढ्यात या, गाडी चालवा. फुकट. डोक्यात हेल्मेट पाहिजे आणि लायसन्स पाहिजे, बाकी काही नको.

साडूला कळलं तसा तो रस्ता ओलांडून आला.

"साडूबुवा, अमावास्येला? अमावास्येला या तालुक्यात खिळा सुद्धा कोण इकत घेत न्हाई."

"म्हणूनच," मी म्हणालो. "घ्यायचं भ्याव नसलं की माणूस मोकळ्या मनानं बघतो."

"अन् दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार हाय."

"येऊ दे की. मी कुठं पळून चाललो?"

 त्याला वाटलं असेल, अक्का गेल्यापासून ह्याचं डोकं फिरलं. पण तमाशा बघायला तो नको म्हणणारा माणूस नाही. तोही आला, आणि येताना त्याची सगळ्यात भारी गाडी घेऊन आला.

आवारात मी भुसा भरलेली पोती मधेमधे टाकून ठेवली होती. पोत्याच्या डावीकडून, मग उजवीकडून, असं नागमोडी जायचं, टोकाला वळायचं आणि परत यायचं. सरळ पळवायला मी परवानगी दिली नव्हती. सरळ तर बैलगाडी सुद्धा जाते.

पहिल्यांदा साडूच्या ओळखीच्या एका पोरानं जड गाडी घेतली. आवाज असा की पत्र्यावरची कबुतरं उडाली. लोक खूष. पण दुसऱ्या पोत्यापाशी गाडी कलली तसा त्यानं पाय टेकवला, तिसऱ्यापाशी दोन्ही टेकवले, अन् टोकाला वळताना तर उतरून ढकलली. साडू म्हणाला, ही हायवेची गाडी आहे, पोत्यात फिरायची नाही. ते खरंच होतं.

मग आमची गाडी. पहिला जो पोरगा बसला तो रोज येऊन फोटो काढणारा. निघताना घाबरलेला होता. पहिलं पोतं हळू घेतलं, दुसरं जरा बरं, अन् पुढं त्याला कळलं की ह्या गाडीला ओढावं लागत नाही, नुसतं तिकडं बघितलं तरी ती तिकडं जाते. टोकाला जाऊन अशी वळली की लोकांच्या तोंडून आवाज निघाला. पोरगा परत आला, हेल्मेट काढलं, तर हसत होता. नुसताच.  मग म्हणाला, "आजोबा, मी वर्षभर हिच्यावर बसून नुसते फोटो काढले."

"कोणी सांगितलं होतं तुला?" मी म्हणालो. पण मनात म्हणालो, मीच.

त्याच्यामागं रांग लागली. एकेक जण जायचा अन् तसंच तोंड करून परत यायचा. एक पिकलेल्या मिशांचा वीजमंडळातला माणूस बसला, तो तीन चकरा मारून उतरेना. लोकांनी ओरडून उतरवला.

साडूनं सगळं बघून घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फुकटची चक्कर कोणाला गोड लागत न्हाई? हसणारे लई झाले. घेणारा दावा."

अन् तिथं तो बरोबर होता. हसले सगळे, पण खिशाला कोणी हात लावला नव्हता. दुपार उतरायला लागली होती.  उद्या टेम्पो येणार, अन् ही सगळी पोरं चांगली चक्कर झाली म्हणून घरी जाणार.

वजनकाट्याच्या सावलीत एक मुलगी मघापासून उभी होती. पंचविशीची असेल. उंचीला लहान, माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिच्याशेजारी तिचा बाप, पांढरा सदरा, हातात पिशवी. ते दोघं पुढं आले. बाप जय भीम म्हणाला, मीही जय भीम म्हणालो. मुखेडकडचे होते, अमावास्येचं ऐकून एसटीनं आले होते. मुलगी नांदेडला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, आठवड्याला घरी येते-जाते. बापाची साधी गाडी शाळेपासून चालवते. तिनं गाडी मागितली, पोत्यातून काढली. बाकी सगळ्यांपेक्षा हळू गेली, पण एकदाही पाय टेकवला नाही. उतरली अन् इतक्या महिन्यांत कोणी विचारला नव्हता असा सवाल केला.

"आजोबा, ही पडली तर मला एकटीला उचलता येईल का?"

मी विचारलं, असं का विचारतेस. ती म्हणाली, नांदेडच्या दुकानात तिनं जड गाडी बघितली होती. वर बसल्यावर नुसते अंगठे जमिनीला टेकले. दुकानदार म्हणाला, सवय होईल. पण रस्त्यात कुठं आडबाजूला पडली तर कोणाची वाट बघत बसायचं? स्कूटर घे म्हणतात सगळे. तिला स्कूटर नको होती.

मी दोन रिकामी पोती अंथरली आणि ती गाडी, ओरखडा येईल म्हणून जी मी इतके महिने कोणाला चालवू दिली नव्हती, ती हळूच त्या पोत्यांवर आडवी केली. लोक मागं सरकले. साडू म्हणाला, अहो, अहो, काय करता. मी आधी स्वतः उचलून दाखवली. उचलली खरी, पण कमरेत अशी चमक भरली की डोळ्यापुढं काजवे चमकले. तोंडावर काही दिसू दिलं नाही. परत आडवी केली आणि तिला सांगितलं, बसलेला बैल शिंगाला धरून ओढला तर उठत नाही. त्याला पाठ दे. गाडीकडं पाठ कर, खाली बस, एका हातानं हँडल धर, एका हातानं मागची कड धर अन् पायानं उठ, हातानं नको.

ती खाली बसली. एकदा जोर केला, गाडी हलली अन् परत बसली. कोणीतरी पुढं आला हात लावायला. तिच्या बापानं त्याला अडवलं. दुसऱ्यांदा ती उठली तेव्हा गाडी तिच्यामागं उठली. तिनं स्टँड लावला, वळली आणि गाडीकडं बघितलं. अंगाला घाम आला होता. म्हणाली, "ही घेते मी."

साडू मधे पडला. त्याच्या आवाजात आता टोमणा नव्हता, त्याला खरंच काळजी वाटली असेल. म्हणाला, पोरी, आज अमावास्या आहे, आज गाडी घरी नेऊ नये, उद्या परवा ये.

"मामा, आमच्यात अमावास्या बघत न्हाईत," ती म्हणाली. "अन् मला सुट्टी आजच हाय."

सगळी गर्दी भाव ऐकायला पुढं सरकली. साडू सगळ्यात पुढं. मला ते आवडलं नाही. हा भाव माझ्या बायकोचा होता, तो गर्दीत ओरडायचा नव्हता. मी गळ्यातलं उपरणं काढलं. मुलीला कळेना. तिचा बाप मात्र ओळखून हसला. म्हणाला, जत्रेत दुसऱ्याचे बैल सांभाळत त्यानं हे आयुष्यभर बघितलं होतं. "पण आमचा हात कधी रुमालाखाली गेला न्हाई," तो म्हणाला. मग लेकीकडं वळून म्हणाला, "घाल हात. मी सांगतो कसं ते."

त्यानं तिला बाजूला नेऊन बोटं समजावली. कोणतं बोट म्हणजे किती, अख्खा पंजा म्हणजे किती. ती रक्त मोजणारी पोरगी, एकदा सांगितलं की झालं. उपरण्याखाली तिचा हात आला. मी भाव दाबला. ती थांबली, मग दोन बोटं उतरली. मी एक वर गेलो. ती परत उतरली. आतमध्ये आमचं भांडण चाललं होतं अन् बाहेरून लोकांना दोन माणसं हातात हात घेऊन गप उभी दिसत होती. ही गेली त्या दुपारनंतर इतक्या महिन्यांत माझ्या बोटांना पहिल्यांदा कोणी उत्तर देत होतं.  पण सौदा सौद्याच्या जागी, मी खाली उतरलो नाही.

सौदा मिटला तो हिच्या भावापेक्षा एक बोट वर. त्या सकाळी जो भाव मला जास्त वाटला होता, त्याच्यापेक्षा वर. मी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि साडूकडं बघितलं.

"किती?" साडू म्हणाला.

"अक्का म्हणली होती त्याच्यापेक्षा जास्त."

साडू गाडीपाशी गेला. मग त्यानं त्या मुलीला विचारून गाडीच्या टाकीवर हात फिरवला आणि म्हणाला, "अक्काला बाजार कळत होता, साडूबुवा. आपल्याला नुसत्या गाड्या कळतात." घरी जाऊन त्यानं हे माझ्या मेव्हणीला सांगितलं. ती संध्याकाळी माझ्याकडं जेवणाचा डबा घेऊन आली, आणि दाराशी उभी राहून तिनं ते परत एकदा मला माझ्या तोंडानं सांगायला लावलं. मी सगळं सांगितलं. पोती, पाठ, उपरणं, सगळं. ती हसत होती अन् डोळे पुसत होती.

मुलगी निघाली तेव्हा बापाला म्हणाली, बसा मागं. बापानं त्या उंच सीटकडं बघितलं, पिशवी काखेत मारली आणि म्हणाला, मी आपला एसटीनं येतो बाई. ती गेली. मोंढ्याच्या फाटकातून बाहेर पडताना तिनं गाडी अशी कलवली की ती माझ्या रांगेत वर्षभर उभी असलेलीच गाडी, ह्याच्यावर माझाच विश्वास बसेना.

अंधार पडेपर्यंत फोटो काढणारा पोरगा, वीजमंडळातला मिशीवाला आणि आणखी एक जण दुकानावर येऊन गेले. तिघांचं विचारणं एकच, तसली अजून एखादी हाय का? मी म्हणालो, दोन दिवसांनी या.

लोक विचारतात म्हणून सांगतो. हलक्या स्पोर्ट गाडीला गिऱ्हाईक राहिलं नाही म्हणतात ना, ते गिऱ्हाईक गेलेलं नाही. ते सगळ्या गावागावात उभं आहे, त्याला कोणी चालवायला दिलेली नाही. ह्या गाडीला दावण मानवत नाही. जो तो म्हणतो पोरांना वजन पाहिजे. पोरांना वजन दाखवलं म्हणून वजन पाहिजे. वळण दाखवा, वळण पाहिजे म्हणतील. सगळेच घेणार नाहीत, शर्यतीचे बैल सगळे कुठं घेत होते? पण जो घेतो तो असा घेतो की अमावास्या सुद्धा बघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरचा माणूस टेम्पो घेऊन आला. मी म्हणालो, गाडी गेली. तो चिडला. एवढ्या लांबून रिकामा टेम्पो परत न्यायचा का म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि विचारलं, तुझ्याकडं खोलायला आलेल्या तसल्याच गाड्या किती पडल्यात? तो म्हणाला, दोन आहेत, चालू आहेत, पण कोण घेतं त्या, पुढच्या आठवड्यात खोलायच्यात. मी पायजमा खोचला, हेल्मेट घेतलं, दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्या टेम्पोत पुढं जाऊन बसलो.

लातूरला त्याच्या वाड्यात त्या दोन्ही मागं पत्र्याखाली होत्या, धुळीनं माखलेल्या. मी दोन्हींना पाठ देऊन बघितलं, वळवून बघितलं, सुरू केल्या. दोन्ही घेतल्या. एक टेम्पोत चढवली. दुसरी पण चढवू का म्हणाला तर मी म्हणालो, नको, ही मी चालवत नेतो.

पेट्रोल भरलं आणि निघालो. ट्रॅक्टर मला मागं टाकून जात होते, एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून बघत गेला की हा कोण म्हातारा. कमर दुखत होती. चाकूर सोडल्यावर रस्ता जरा वळतो. तिथं पुढं-मागं कोणी नाही असं बघितलं आणि मी गाडी थोडी कलवली. तिनं ऐकलं. पुढच्या वळणाला जरा जास्त कलवली.